हँडल मारायची अट

माझ्या बापाचा जीव दोन गोष्टींत होता, असं आमच्या गल्लीत सांगतात. एक त्याचा बागेचा ट्रॅक्टर आणि दुसरी मी. लोकांचं काय, बोलायला पैसे पडत नाहीत. त्या घरात मी राहिले, त्यामुळं क्रम मला नीट माहीत आहे. ट्रॅक्टर पहिला होता. मी दुसरी होते, आणि तीसुद्धा ट्रॅक्टर दुरुस्त करायला शिकले तेव्हापासून.

आमची शेड मुदखेडच्या बाहेर, रेल्वे फाटकाच्या अलीकडं आहे. आजूबाजूला काकडा, मोगरा आणि गुलाबाचे मळे. फुलांच्या दोन ओळींमधून मोठा ट्रॅक्टर घातला तर फुलांचा चिखल होतो, म्हणून इकडच्या लोकांनी जुने बुटके ट्रॅक्टर अजून जपून ठेवले आहेत. त्यावर बसलं की माणसाचे गुडघे पोटाला लागतात. एका पिस्टनचं इंजिन, पेट्रोलवर चालू करायचं आणि तापलं की रॉकेलवर टाकायचं. सेल्फ वगैरे काही नाही, पुढं हँडल घालून फिरवायचं. हे ट्रॅक्टर बनवणारे कधीच बंद झाले. पार्ट मिळत नाहीत. एकाच्या पोटातला काढून दुसऱ्याच्या पोटात घालायचा, नाहीतर नांदेडला लेथवर करून आणायचा. त्यामुळं हदगाव, देगलूर, पार लातूरकडूनसुद्धा लोक आमच्याकडं येतात.

आप्पा, म्हणजे माझा बाप, सरकारी रोपवाटिकेत ड्रायव्हर होता. तिथला असाच एक ट्रॅक्टर भंगारात निघाला आणि त्यानं तो लिलावात घेतला. स्वतः उघडला, स्वतः जोडला, आणि त्याच्यावरच हात बसवून उस्ताद झाला. यात त्याचं कौतुक आहेच, मी नाकारत नाही. पण माय गेली, पाठोपाठ त्याच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला, आणि घरात दुसरं कोणी नव्हतं म्हणून त्यानं मला शेडमध्ये ओढलं. मी नुकतीच दहावी पास झाले होते. पुढं कॉलेजात जाईन असं मला वाटत होतं. त्यानं मला विचारलंही नाही. पाना मागितला की पाना हातात पडला पाहिजे, दुसऱ्या मापाचा पडला तर तोच पाना माझ्या बोटांवर. असं मारून मुटकून मी शिकले. कार्बोरेटर उघडून साफ करणं, व्हॉल्व्ह घासणं, प्लगची ठिणगी बघणं, सगळं. दोन-तीन वर्षांत असं झालं की काम मी करायची आणि आप्पा बाजूला खाटेवर बसून शिव्या द्यायचा.

गिऱ्हाइकाला मात्र हे कळता कामा नये. शेडच्या मागच्या भागात त्यानं तरटाचा पडदा लावला होता. बाहेर गाडी थांबली की आप्पा म्हणायचा, "जा, पडद्यामागं." मी हातातलं काम टाकून आत जायची आणि तो माझ्या हातातला पाना घेऊन इंजिनापाशी उकिडवा बसायचा. त्याला धड दिसतही नव्हतं. गिऱ्हाईक म्हणायचं, "उस्ताद, तुमच्या हातात जादू हाय." हा म्हणायचा, "तजुर्बा हाय बाबा." मी तरटामागं डासांना रक्त पाजत उभी. एकदा एका म्हाताऱ्यानं पोळ्याला ट्रॅक्टरची पूजा करताना भक्तीच्या भरात एअर फिल्टरच्या तोंडावरच गुलाल उधळला होता. इंजिनानं तो गुलाल ओढून घेतला, फिल्टरमधलं तेल गुलाबी झालं आणि गुलालानं पिस्टनच्या रिंगा खाऊन टाकल्या. मी चार दिवस बसून ते इंजिन उभं केलं. म्हाताऱ्यानं नारळ फोडला आणि आप्पाच्या गळ्यात हार घातला. तो हार रात्री आप्पानं त्याच्या ट्रॅक्टरला घातला.

त्याच काळात माझं बोट गेलं. डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं वरचं पेर. मी चेनीला वंगण लावत होते, बाहेर गिऱ्हाईक घाई करत होतं, आणि आप्पानं मी खाली आहे हे न बघता हँडल मारलं. दोष डोळ्यांचा असता तर मी काही बोलले नसते. पण मी ओरडले होते, "थांब, हात हाय." त्याचे कान तर चांगले होते. दवाखान्यात त्यानं सांगितलं की पोरीचा हात कडबा कुट्टीत गेला. मला म्हणाला, "ध्यान कुठं असतं तुझं?" आठ दिवसांत त्यानं मला परत शेडमध्ये बसवलं.

मला शेडमधून बाहेर पडायचं होतं. हे मी स्पष्टच सांगते, कारण नंतर लोकांनी याला वेगवेगळी नावं दिली. मला नवऱ्याची हौस होती असं नाही. पण आमच्याकडं पोरीला बापाच्या घरातून बाहेर जायचा एकच सरळ रस्ता होता आणि तो लग्नाचा. म्हणून बघायला पाहुणे येणार म्हटलं की मी राखेनं घासून हातांचं काळं काढायची, नखं कापायची, शेजारणीची साडी नेसायची. प्रत्येक वेळी मला खरंच वाटायचं की या वेळी सुटका आहे.

पण आप्पाची एक अट होती, आणि ती पंचक्रोशीत गाजलेली होती. पाहुणे आले, चटयांवर बसले, पाणी झालं, की तो नवऱ्या मुलाला म्हणायचा, "पावनं, आमच्याकडं एक रिवाज हाय. आधी ट्रॅक्टर चालू करायचा, मंग च्या." रिवाज कसला, यानंच काढलेला. मुलगा बिचारा इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर करून बाहेर यायचा. तोवर समोरच्या हॉटेलातले लोक कप हातात घेऊन जमलेले असायचे. मी दाराच्या फटीतून बघायची. मुलगा हँडल घालायचा, मूठ गच्च आवळायचा, जोर लावायचा आणि इंजिन उलटी लाथ मारायचं. हँडल हाताला असा हिसका द्यायचं की मनगट सुजायचं. हदगावचा एक कारकून तर खाली बसला तो उठेचना. त्याच्या वडलांनी त्याला धरून गाडीत घातलं. आप्पा मांडीवर थाप मारून म्हणायचा, "ज्याला इंजिन आवरंना, त्याला माझी पोरगी काय आवरल?" सगळे हसायचे. आत मी ट्रेमधल्या चहावर साय धरताना बघत बसायची.

हँडल मारताना अंगठा मुठीत घ्यायचा नसतो, चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा असतो. मग इंजिन उलटलं तरी हात सुटून जातो. हे आप्पानं मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. त्या मुलांना त्यानं कधी सांगितलं नाही.

मला बराच काळ वाटायचं की ही त्याची मस्ती आहे. बापाला लेकीचा गर्व असतो, तसलं काहीतरी. पण कारकून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोच ट्रॅक्टर चालू करायला गेले तर इंजिनानं मलाही लाथ मारली. मी अंगठा बाहेर ठेवते म्हणून वाचले. या ट्रॅक्टरचं सगळं काम माझ्या हातचं होतं, तो असा उलटायचं कारण नव्हतं. मी मॅग्नेटो बघितला. मॅग्नेटो म्हणजे प्लगला ठिणगी देणारा डबा. तो दोन बोल्टांवर बसतो आणि बोल्ट ढिले केले की जरा पुढंमागं सरकतो. पुढं सरकवला तर ठिणगी वेळेच्या आधी पडते, पिस्टन वर पोचायच्या आतच उलटा ढकलला जातो आणि हँडल माणसाच्या अंगावर येतं. आमचा मॅग्नेटो पुढं सरकलेला होता. मला वाटलं, बोल्ट हादऱ्यानं ढिले झाले असतील. मी तो जागेवर आणला, बोल्ट आवळले आणि मनात शंका नको म्हणून दोन्ही बोल्टांवर नेलपॉलिशचा ठिपका दिला, अर्धा बोल्टावर आणि अर्धा डब्यावर. बोल्ट फिरला तर ठिपका तुटणार.

पुढचा मुलगा आला. लाथ खाऊन गेला. पाहुण्यांची गाडी फाटकापलीकडं गेली तशी मी साडी खोचून शेडमध्ये गेले. दोन्ही ठिपके तुटलेले होते.

मी तिथंच जमिनीवर बसले. डोळ्यांनी अधू माणसानं, पाहुणे यायच्या आधी, हातानं चाचपून ते बोल्ट ढिले केले होते आणि परत आवळले होते. काम नीट केलं होतं, त्याबद्दल बोलायला जागा नाही. का, हे मला कळत नव्हतं. दुपारी देगलूरचा एक माणूस इंजिन घेऊन आला, आप्पा खाटेवरून ओरडला, "पडद्यामागं जा," आणि मला कळलं. मी गेले तर त्या पडद्यामागं कोण उभं राहणार होतं? उस्तादाचे हात सासरी जाणार होते. स्वतःच्या पोरीला त्यानं गॅरेजच्या अवजारांत धरलं होतं आणि अवजार कोणी उसनंसुद्धा देत नाही. त्या दिवशी मला त्याची जी घृणा वाटली ती नंतर कधी पूर्ण गेली नाही.

मी त्याला काही बोलले नाही. बोलले असते तर त्यानं दुसरी युक्ती काढली असती. मी पुढच्या पाहुण्यांची वाट बघितली.

ते लातूरकडचे होते. मुलगा वीज खात्यात लाइनमन, बरोबर त्याचे आई-वडील. त्या दिवशी मी पहाटे उठले. आप्पा घोरत होता. मॅग्नेटो अपेक्षेप्रमाणं पुढं सरकवलेला होताच. मी तो मागं जागेवर आणला, बोल्ट आवळले, प्लग पुसला, पॉइंट घासले, ताजं पेट्रोल भरलं. माझ्या लग्नाची तयारी म्हणून मी आयुष्यात एवढंच केलं. मग आंघोळ केली आणि पोहे टाकले.

पाहुणे आले. पाणी झालं. आप्पानं रिवाज सांगितला. मुलगा उठला, बाहेर गेला, हँडल घातलं. हॉटेलातले लोक येऊन उभे होतेच. त्यानं एकदा हँडल फिरवलं आणि इंजिन लागलं. इतकं सरळ लागलं की जमलेल्या लोकांची निराशा झाली. मुलगा मागं सरून हात झटकत हसला. त्याचं ते हसू मी इतकी वर्षं विसरलेली नाही. आप्पाचा चेहरा मी दारातून बघत होते. तो कान इंजिनाकडं करून बसला होता. त्याला आवाजावरून सगळं कळलं असणार. त्यानं मान हळूच दाराकडं, माझ्याकडं वळवली.

आता चहा द्यावाच लागला. मी ट्रे घेऊन गेले. मुलाच्या आईनं मला जवळ बसवून घेतलं, शाळा कुठवर झाली ते विचारलं. मी डावा हात पदराखाली ठेवला होता. ते नंतर सांगायचंच होतं, पण निदान चहा संपेपर्यंत तरी मला माणसासारखं बसायचं होतं. आप्पा खाकरला.

"हे बगा," तो म्हणाला, "आमी काय लपवून ठिवत न्हाई. पोरीचा हात बगून घ्या."

त्यानं चाचपत माझं मनगट धरलं, पदराखालून हात बाहेर ओढला आणि सगळ्यांसमोर तळवा उलगडून धरला. बाजारात बैलाचा जबडा फाकवून दात दाखवतात तसं. वरून चेहरा असा की मोठा प्रामाणिक माणूस. मुलाच्या आईनं पुढं होऊन माझा हात आपल्या हातात घेतला आणि तुटक्या बोटाच्या टोकावरून अंगठा फिरवला.

"कशात गेलं?"

"कडबा कुट्टीत," आप्पा म्हणाला.

"ट्रॅक्टरच्या चेनीत," मी म्हणाले.

त्या बाईनं माझ्याकडं बघितलं, आप्पाकडं बघितलं, आणि माझा हात खाली ठेवला. चहा संपवून ते उठले. जाताना मुलाचे वडील म्हणाले, "कळवतो." ही माणसं कळवतो म्हणतात तेव्हा काय कळवतात ते मला एव्हाना पाठ झालं होतं, पण तरी मी दोन दिवस फोनच्या आसपास फिरत राहिले. फोन आप्पाच्या सदऱ्याच्या खिशात असायचा. तिसऱ्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "लातूरवाल्यांचा फोन आला व्हता. न्हाई म्हनले. बोट खटकलं त्यान्ला." मग भाकरी मोडत म्हणाला, "त्या देगलूरच्या इंजिनाचं हेड उगडलं का?"

मी हात धुतले आणि जाऊन हेड उघडलं.

त्यानंतर मी पाहुणे येऊ दिले नाहीत. स्थळं आणणाऱ्या आत्याला सांगितलं, आता कोणाला आणू नका. एका बोटानं माझं नशीब ठरलं असं मी धरून चालले. बसमध्ये दांडी उजव्या हातानंच धरायची. बाजारात भाजी निवडताना डावा हात ओढणीत. कोणाच्या लेकराला उचलून घ्यायचं झालं तर आधी हात झाकायचा आणि मग घ्यायचं. त्या लातूरच्या बाईचा मला फार राग होता. अंगठा फिरवताना तिचा हात मऊ होता, म्हणून तर जास्तच.

पुढं आप्पाचे डोळे पूर्ण गेले आणि मग पायही गेले. एका सकाळी उठला तर कमरेखाली काही हलेना. बोलणं आणि कान मात्र शाबूत राहिले. मी तरटाचा पडदा काढून त्याचं पायपुसणं केलं. बाई इंजिन उघडते हे बघून काही गिऱ्हाइकं दारातून परत गेली आणि दुसरीकडं कुठं कोणी नाही हे कळल्यावर मुकाट्यानं आली. मी त्यांना आधी ताटकळत ठेवायची, मग कामाला हात लावायची. आप्पाला भरवणं, धुणं, कूस बदलणं, सगळं मीच. त्याचा एकच हट्ट उरला होता. दिवस मावळताना त्याला चाकाच्या खुर्चीत घालून शेडमध्ये न्यायचं आणि त्याचा ट्रॅक्टर चालू करून ऐकवायचा. मी रोज हँडल मारायची. तो डोळे मिटून ऐकायचा, आवाजावरून सांगायचा, "थोडं पेट्रोल जास्त खाऊन राहिलंय," आणि ते बरोबर असायचं. त्या पाच-दहा मिनिटांत त्याच्या चेहऱ्यावर जे सुख दिसायचं ते मी त्याला दिलं. बाप म्हणून नाही. एखाद्याकडं एवढंच उरलेलं असेल तर ते आपण काढून घेत नाही, म्हणून.

मग मागच्या हिवाळ्यात एक माणूस टेम्पोत जुना ट्रॅक्टर घालून आला. पोट सुटलेलं, केस विरळ. ट्रॅक्टर आप्पाच्या ट्रॅक्टरच्याच जातीचा होता, औशाकडच्या द्राक्षबागेतला.

"ताई, उस्ताद कुठं हायेत?"

"मीच हाय. काय झालंय याला?"

"ठिनगीच येईना. मॅग्नेटो जळाला म्हनतेत. लातुरात कुठंच मिळंना. सासऱ्याचा ट्रॅक्टर हाय हा, आता माझ्याच गळ्यात आलाय."

मी डबा उघडला. आतली वायरिंग जळून कोळसा झाली होती. मी वाकून बघत होते आणि डावा हात इंजिनावर टेकलेला होता. शेडमध्ये काम करताना मी तो झाकत नाही. माझ्या लक्षात आलं की तो माणूस बोलायचा थांबला आहे.

"तुमी… आमी आलो व्हतो तुमच्याकडं," तो म्हणाला. "लई वर्सं झाली. बगायला आलो व्हतो. मी हँडल मारलं व्हतं."

तेव्हा मी त्याला ओळखलं, लातूरचा तो लाइनमन. मी बनियनच्या चिंधीला हात पुसत राहिले. तोही ओशाळून इकडं तिकडं बघत होता. मग म्हणाला, "एक इचारू का ताई? राग नका येऊ देऊ. आता काय, माझी पोरं मोठी झाली, तसं काय मनात न्हाई. पन तवा तुमी काऊन न्हाई म्हनलात?"

"मी?"

"दुसऱ्याच दिवशी माझ्या बानं फोन केला व्हता. पोरगी पसंत हाय, कवा बसायचं बोला म्हनून. तुमचे आप्पा म्हनले, पोरगी न्हाई म्हनते. मला लई लागलं व्हतं बगा. म्हनलं, हँडल बी मारलं, तरी न्हाई म्हनली."

"तुमच्या मायला माझं बोट खटकलं व्हतं ना?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. "कोन म्हनलं? माय तर रस्त्यानं तेच बोलत व्हती. म्हनली, हात कामाचा हाय, अशी पोरगी घरात पायजे. अजून बी कवा कवा काढती तुमचं नाव."

मी त्याला पाणी दिलं. ट्रॅक्टर ठेवून जा, उद्या या, असं सांगितलं. त्यानं विचारलं, "मॅग्नेटो मिळल का?" मी म्हणाले, मिळेल. तो गेल्यावर मी बराच वेळ शेडमध्ये उभी होते. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. बसमध्ये दांडी कुठल्या हातानं धरायची इथपासून सगळं मी एका खोट्यावर बेतलं होतं, याचीच मला लाज वाटत राहिली. आणि ती म्हातारी. इतकी वर्षं मी तिला मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या.

रात्री आप्पाला खिचडी भरवताना मी विचारलं, "आप्पा, लातूरवाल्यांचा होकार आला व्हता?"

त्यानं तोंडातला घास गिळला. कोणते लातूरवाले, असंही विचारलं नाही.

"आला व्हता."

"मंग मला न्हाई काऊन सांगितलं?"

"तू गेली असतीस," तो म्हणाला. "डोळे गेलेले माझे. शेड कोनी चालवली असती?" मी चमचा पुढं केला नाही तसं त्यानं तोंड उघडून वाट बघितली, आणि मग म्हणाला, "तुझं वाईट काय झालं? उस्ताद झालीस. चार जिल्ह्यांतून लोक येऊन राहिले तुझ्याकडं. तिकडं जाऊन भाकरीच थापल्या असत्यास. बरंच केलं मी."

यातलं पूर्ण खोटं काहीच नव्हतं आणि त्यानंच माझं डोकं जास्त फिरलं. मी उरलेली खिचडी त्याला भरवली. तोंड पुसलं, गोळी दिली, कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला खुर्चीत घालून शेडमध्ये आणलं. सकाळी कधी आणत नाही, म्हणून तो खूश झाला. त्याची खुर्ची मी त्याच्याच ट्रॅक्टरला लावून ठेवली, हात पुढं केला तर लागेल इतकी जवळ, आणि मॅग्नेटोच्या पहिल्या बोल्टाला पाना लावला. बोल्ट ढिला होताना किणकिण आवाज होतो. त्यानं लगेच मान वर केली.

"त्यो बोल्ट काऊन खोलून राहिलीस?"

मी दुसऱ्याला पाना लावला.

"काऊन काढतीस गं? चांगला हाय त्यो. त्यो काढला तर दुसरा मिळायचा न्हाई. जगात मिळायचा न्हाई." त्यानं हात पुढं करून चाचपायला सुरुवात केली. त्याचा हात माझ्या हातावर पडला, तुटक्या बोटावर, आणि तिथंच थांबला. मी तो हात उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. मॅग्नेटो काढला, पुसला आणि लातूरच्या ट्रॅक्टरवर बसवला. आप्पा पूर्ण वेळ बोलत होता. आधी शिव्या दिल्या, मग समजावलं, शेवटी मायची शपथ घातली. मी बोल्ट आवळले आणि टायमिंग लावलं.

दुपारी तो माणूस आला. हँडल मीच मारलं. इंजिन लागलं. तो खूश होऊन म्हणाला, "ताई, तुमच्या हातात जादू हाय." मी त्याला सांगितलं, तुमच्या मायला माझा नमस्कार सांगा, आणि त्या पोरीला कोणी काही विचारलंच नव्हतं एवढं कळवा. तो मान खाली घालून टेम्पोत बसला.

दिवस मावळताना आप्पानं नेहमीसारखी हाक मारली. मला वाटलं होतं आज मारणार नाही. पण त्याला बहुतेक वाटलं असेल की मी मॅग्नेटो रागानं काढला असेल आणि राग गेला की परत बसवला असेल. मी त्याला नेलं, ट्रॅक्टरपाशी ठेवलं आणि हँडल मारलं. इंजिन फसफसलं आणि थांबलं. परत मारलं. ठिणगीशिवाय रिकामा पिस्टन वरखाली होण्याचा आवाज त्याच्याइतका दुसऱ्या कोणाला कळणार? त्याचे आंधळे डोळे भरून आले.

"काऊन लागंना गं?" तो म्हणाला. त्याला माहीत होतं, तरी विचारलं.

"न्हाई म्हनते, आप्पा," मी सांगितलं.

त्याला मी रोज संध्याकाळी अजूनही शेडमध्ये नेते. आता तो हाक मारत नाही, नको म्हणतो. मी नेते, हँडल मारते, आणि तो विचारत नसला तरी सांगते.